निळ्या ठिपक्याचे परबकाका

परबकाका कुणाच्याही घरी गेले तरी पाणी पिण्याआधी पेला वाजवून बघायचे. डाव्या हाताने पेला बुडाशी अलगद धरायचा, उजव्या हाताच्या नखाने काठावर एक टिचकी मारायची, मान जराशी तिरकी करून ऐकायचं आणि मगच घोट घ्यायचा. आवाज मनाजोगता आला नाही तर पेला खाली ठेवून म्हणायचे, "वहिनी, हा बाजूला काढा. तडा आहे याला. आज दिसत नाही, पण गरम चहा ओतलात की दिसेल." आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत या सवयीची भरपूर थट्टा व्हायची. माझ्या आईने एकदा वैतागून त्यांना स्टीलच्या पेल्यातून सरबत दिलं. त्यांनी तोही पेला वाजवला आणि हताश होऊन म्हणाले, "ह्याचं काय कळत नाही बुवा. स्टील सगळ्यांशी सारखंच बोलतं."

काका पहिल्या मजल्यावर राहायचे, आम्ही दुसऱ्या. ठाण्याला कोपरीत त्यांचा एक छोटा गाळा होता. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांमध्ये जे काचेचे चंबू, नळ्या आणि वाफ थंड करणारे कंडेन्सर फुटतात, ते दुरुस्त करायचा त्यांचा धंदा. ज्योतीवर काच मऊ करायची, तोंडात धरलेल्या रबरी नळीतून मोजून फुंकर घालायची, तडा बुजवायचा आणि मग ती काच भट्टीत ठेवून सावकाश निवू द्यायची. ठाणे-कल्याणपासून मुंबईपर्यंत जिथे जिथे म्हणून कुणी काचेत काही उकळत होतं, तिथल्या फुटक्या काचा आज ना उद्या कोपरीला यायच्या. ज्योतीची पिवळी तिरीप डोळ्यांना लागू नये म्हणून ते जांभळट काचांचा चष्मा लावत. तोच चष्मा घालून एकदा ते केळी आणायला गेले आणि हिरवीगार कच्ची केळी घेऊन आले, असं काकू सांगायच्या. केळेवाल्याने फसवलं, असं काकांचं म्हणणं होतं.

माझा आणि काकांचा खरा संबंध आला तो मी एमएस्सी होऊन पीएचडीच्या दारात उभी राहिले तेव्हा. मला शिष्यवृत्ती मिळाली होती, विद्यापीठात प्रवेश मिळाला होता, आणि आता महिनाअखेरपर्यंत विभागात एक फॉर्म भरून द्यायचा होता. त्यात एकच रकाना महत्त्वाचा होता, मार्गदर्शकाचं नाव. पुढची पाच वर्षं ज्या माणसाच्या प्रयोगशाळेत काढायची आणि ज्याच्या सहीशिवाय आपलं पान हलणार नाही, त्याचं नाव. एकदा लिहिलं की बदलणं जवळजवळ अशक्य. परबकाकू म्हणाल्या होत्या, "नवरा पटला नाही तर माहेरी येता येतं गो. गाईड पटला नाही तर कुठे जाशील?"

नाव तसं ठरल्यातच जमा होतं. टिपणीस सर आमच्या विषयातले फार मोठे. त्यांच्याकडे जागा मिळणं म्हणजे लॉटरीच. त्यांनी माझी मुलाखत घेऊन "येऊन जॉइन व्हा" असं म्हटलं होतं आणि मीही "हो सर" म्हणून बसले होते. बाबांनी तर फॉर्म भरण्याआधीच बातमी फोडली होती. नौपाड्यातल्या मामाने पेढे वाटले, आणि मामा पेढे वाटतो म्हणजे ते नौपाड्यापुरते राहत नाहीत. सगळं कसं झकास होतं. फक्त एक गोष्ट माझ्या मनात कुसळासारखी टोचत होती. सरांची लॅब बघायला गेले तेव्हा जेवायची वेळ होती. एका टेबलाभोवती सहाजण डबे उघडून बसले होते आणि कुणीही बोलत नव्हतं. दार वाजलं तसे सहाही जणांचे घास हातात थांबले. मी आहे असं बघून ते परत जेवायला लागले.

हे घरी सांगितलं असतं तर बाबा म्हणाले असते, अभ्यासू मुलं आहेत, गप्पा कशाला मारतील. म्हणून मी जिन्यात काकांना गाठलं.

"काका, तुम्ही सगळ्या लॅबमध्ये जाता. सगळे सर तुम्हाला माहीत. टिपणीस सरांकडे जाऊ का नको, सांगा ना."

काका दोन पिशव्या सांभाळत उभे राहिले. "ते मी नाही सांगणार."

"का?"

"मी काचवाला माणूस. लग्नं जुळवत नाही."

"मग मी काय करू?"

"शनिवारी ये गाळ्यावर. स्टूल आहे एक जास्तीचं. मध्ये मध्ये बोलायचं नाही. कोण येतं, काय आणतं, कसं आणतं, बघायचं. दोन शनिवार बस, मग तुझं तूच ठरव."

मला खरं तर राग आला. माझ्या आयुष्याचा प्रश्न आणि हा माणूस मला स्टूल देतोय! पण दुसरं कुणी विचारण्यासारखं नव्हतं, म्हणून शनिवारी कोपरीला गेले. गाळा म्हणजे जेमतेम दहा बाय बारा. एका भिंतीला काचेच्या नळ्या उभ्या, मध्ये ज्योत, मागे भट्टी. काकांनी मला पुढच्या खोलीत रजिस्टरांच्या ढिगामागे बसवलं, चहा मागवला, कपाला टिचकी मारून तो माझ्या हातात दिला आणि चष्मा खाली ओढून कामाला लागले.

सकाळभर लोक येत होते. कुणी कॉलेजचा शिपाई, कुणी औषध कंपनीचा माणूस. काकांचं एक ठरलेलं होतं. दुरुस्ती पूर्ण झाली, की ते निळ्या काचेची एक बारीक काडी ज्योतीत धरायचे आणि जोडाशेजारी मसुराएवढा निळा ठिपका टाकायचे. चंबू असो, नळी असो, ठिपका पडल्याशिवाय वस्तू बाहेर जात नसे. मला वाटलं, कारागिराची सही असेल.

अकराच्या सुमाराला एक मुलगी आली. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, खांद्याला ऑफिसला नेतात तशी पर्स आणि हातात कापडी पिशवी. पिशवीतून तिने एक स्वेटर काढला, त्याच्या घडीतून ओढणी काढली आणि ओढणीतून एक मोठा चंबू. त्याच्या पोटावर चांदणीच्या आकाराचा तडा होता. तिने आधी दाराकडे बघितलं, मग हळू आवाजात म्हणाली, "काका, आजच्या आज होईल का?"

"होईल. जोडायला दोन तास लागतील, पण मग भट्टीत ठेवायला लागेल. सोमवारी ने."

"चालेल. फक्त, काका, ठिपका नका ना टाकू."

"ते नाही होणार, हेमांगी. मागच्या वेळेलाही सांगितलेलं."

"सरांना कळेल हो."

"कळू दे की. फुटणारच ती. काच आहे."

हेमांगीने चंबू ओढणीत गुंडाळला, ओढणी स्वेटरमध्ये घातली आणि "दुसरीकडे बघते" म्हणून निघाली. मला राहवलं नाही. बोलायचं नाही हा नियम मोडून मी तिच्यामागे गेले आणि कोपऱ्यावर गाठून विचारलं, "तुम्ही कुठल्या लॅबमधल्या?"

ती म्हणाली, "टिपणीस सरांच्या."

मी तिला सांगितलं, की मीही तिथेच येणार आहे. ती हसली, पण ते हसू जरा उशिरा आलं. "सर ओरडतात का?" मी विचारलं.

"ओरडले असते तर बरं झालं असतं गं. ओरडत नाहीत. नुसतं विचारतात, 'कोण?' आणि मग आपला पेपर सहा महिने त्यांच्या टेबलावर पडून राहतो. आपण विचारलं तर म्हणतात, बघतो." मग तिला वाटलं असावं आपण फारच बोललो, कारण लगेच म्हणाली, "पण शिकायला खूप मिळतं हां. नाव होतं. तू ये." आणि ती दुसऱ्या काचवाल्याच्या शोधात निघून गेली.

मी परत आले तेव्हा काका ज्योत बारीक करून बसले होते. मी बोलले म्हणून रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "चहा गार झाला तुझा."

"काका, एवढ्याशा ठिपक्याने तुमचं काय जातं? बिचारीचं काम झालं असतं."

तेव्हा त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. तीसेक वर्षांपूर्वीची असेल. नुकताच गाळा घेतला होता, हातात नवा हुन्नर होता आणि त्याचा तोराही होता. एक विद्यार्थी असाच चंबू लपवून घेऊन आला आणि म्हणाला, कुणाला कळता कामा नये. काकांनी तो इतका बेमालूम जोडला, की आणणाऱ्यालाच जोड सापडेना. "मला काय अभिमान वाटलेला म्हणून सांगू. घरी जाऊन हिला सांगितलं, आज देवालासुद्धा कळणार नाही असं काम केलं." तो चंबू परत लॅबच्या कपाटात गेला. पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच एका मुलीने तो नवा समजून निर्वात पंपाला लावला. आतली हवा खेचली गेली तशी जोडलेली जागा दगा देऊन गेली, आणि सगळा चंबू तिच्या तोंडासमोर फुटला.

"डोळा वाचला," काका म्हणाले. "थोडक्यात वाचला. मी हॉस्पिटलमध्ये गेलेलो बघायला. तिच्या आईला काय सांगणार? मी कोण म्हणून सांगणार? बाहेरच्या बाहेर परत आलो." त्यांनी चष्मा पुसला. "चूक त्या पोराचीही नव्हती बघ. घाबरलेला. मी कशाला लपवायला मदत केली? तेव्हापासून ठिपका. ज्याच्यावर ठिपका, ती काच जोडलेली, ती पंपाला लावायची नाही. एवढंच. ज्यांना हे नको असेल त्यांनी दुसरीकडे जावं. जातात पण."

घरी येताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. टिपणीस सरांची लॅब मी बघितली होती. कपाटं भरून काच होती, लखलखीत. त्यात मला एकही निळा ठिपका दिसला नव्हता आणि तेव्हा मी मनात म्हटलं होतं, वा, काय नीटनेटकी माणसं आहेत.

दुसऱ्या शनिवारी एक दाढीवाला संशोधक भाजीचा प्लॅस्टिकचा क्रेट घेऊन आला. क्रेटमध्ये वर्तमानपत्रात गुंडाळलेले फुटके नग, आणि प्रत्येकाच्या गळ्यात दोऱ्याने बांधलेली एकेक चिठ्ठी. काकांनी चष्मा डोक्यावर सरकवला आणि एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. चेहऱ्यावर असा आनंद, की वाढदिवसाची कार्डंच आली असावीत.

"'मी, संदीप. घाईत स्टँडवर आपटला.' हं. 'मी, रुक्साना. तापलेला होता, ओल्या ओट्यावर ठेवला.' अरे रे, हे पहिल्या वर्षाला शिकवतात ना रे? 'मी, संदीप.' परत संदीप!"

"संदीप मीच," दाढीवाला म्हणाला.

"माहीत आहे. आणि ही काय... 'मी. बोलता बोलता हात लागला. वेर्लेकर.'" काका खूश होऊन मांडीवर थाप मारत म्हणाले, "बाईंचा हात अजून तसाच आहे."

क्रेट ठेवून, काकांशी अघळपघळ गप्पा मारून, माझ्या वाट्याच्या चहातला अर्धा पिऊन संदीप गेला. मी हिशोब केला आणि म्हटलं, "काका, या वेर्लेकर मॅडमच्या लॅबमध्ये फारच फुटतं हो."

काका चिठ्ठ्या एका खिळ्याला अडकवत होते. मागे न बघता म्हणाले, "सगळीकडे एवढंच फुटतं."

फॉर्म द्यायला तेव्हा नऊ दिवस उरले होते. मी दोन दिवस घालवले ते स्वतःला समजावण्यात, की एका ठिपक्यावरून कुणी पाच वर्षं ठरवत नाही. तिसऱ्या दिवशी वेर्लेकर मॅडमच्या दारात जाऊन उभी राहिले. लॅब जुनी, पंखे आवाज करणारे, ओट्यांच्या कडा झिजलेल्या. आणि जिकडे बघावं तिकडे निळे ठिपके. कंडेन्सरवर, नळ्यांवर, एका म्हाताऱ्या चंबूवर तर तीन. पलीकडे कुणीतरी कुणाची तरी टर उडवत होतं आणि सगळे हसत होते, मॅडम धरून. त्या पन्नाशी ओलांडलेल्या, ठेंगण्या, साडीवर लॅबचा कोट. माझ्याकडे वळल्या तेव्हा मला त्यांच्या डाव्या भुवईपासून केसांत गेलेली पांढरी रेघ दिसली. मी बघतच राहिले. माझं मलाच लाजल्यासारखं झालं, पण नजर हलेना.

"कोपरीहून आलीस वाटतं," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला कसं कळलं?"

"बाकीचे लोक आधी माझ्याकडे बघतात, मग काचेकडे. तू उलट केलंस." त्यांनी स्टूल पुढे ढकललं. "परबांनी पाठवलं?"

"नाही. त्यांनी तर तुमचं नावही घेतलं नाही."

"घेणारच नाहीत." मग भुवईवर बोट टेकवून त्यांनी अगदी सहज सांगितलं, "हे त्यांनी जोडलेल्या चंबूने झालंय. पुढे दोन वर्षांनी स्वतः येऊन कबूल केलं त्यांनी माझ्याजवळ. दारात उभे राहून घडाघडा बोलले आणि पाणीही न पिता गेले. मी तेव्हाच ठरवलं, माझी लॅब झाली तर काच ह्यांच्याकडेच जाणार."

त्या दिवशी संध्याकाळी मी काकांच्या घरी गेले आणि तावातावाने म्हटलं, "त्या मॅडम तुमच्या ओळखीच्या, इतक्या चांगल्या, आणि तुम्ही मला गप्प बसवून ठेवलंत! एका वाक्यात सांगता आलं नसतं?"

काका भाजी निवडत होते. गवारीच्या शेंगेची शीर ओढत म्हणाले, "मी सांगितलं असतं तर ते मी सांगितलं नसतं, माझ्या अपराधाने सांगितलं असतं. त्या बाईचं मी देणं लागतो. मला ती चांगलीच दिसणार. माझ्या प्रायश्चित्तात तुझी पाच वर्षं कशाला घालू?"

काकू आतून ओरडल्या, "सोपं बोला जरा. पोरीला भूक लागली असेल." मग मला तिथेच जेवायला थांबावं लागलं.

आता उरलं होतं टिपणीस सरांना नाही म्हणणं. एवढा मोठा माणूस. उद्या माझाच प्रबंध त्यांच्याकडे तपासायला गेला तर? मी घरी आरशासमोर तीन वेगवेगळी भाषणं पाठ केली. एकात आजारी आजी होती. प्रत्यक्षात सरांच्या केबिनमध्ये गेले आणि एकही भाषण आठवेना. तोंडातून सरळ निघालं, "सर, मी वेर्लेकर मॅडमकडे काम करायचं ठरवलंय."

सरांनी कॉम्प्युटरवरून नजर काढली, माझ्याकडे बघितलं. बहुधा आपण हिला जागा दिली होती, हे आठवायचा प्रयत्न करत असावेत. "वेर्लेकर? चांगली आहे. पेपर कमी असतात तिचे." मग म्हणाले, "ठीक आहे. ऑफिसमध्ये सांगून जा, लिस्टमधून नाव काढतील." आणि परत पडद्याकडे वळले. दीड मिनिटसुद्धा लागलं नाही. ज्या गोष्टीपायी मला चार दिवस अन्न गोड लागत नव्हतं, ती दीड मिनिटात संपली. मी बाहेर आले, कॅन्टीनमध्ये दोन प्लेट इडली खाल्ली, आणि अचानक इतकं हलकं वाटायला लागलं, की तिसरीही मागवली.

घरी दोन दिवस सुतक असल्यासारखं वातावरण होतं. बाबा म्हणाले, "काचवाल्याच्या गाळ्यावर बसून कुणी करिअर ठरवतं का?" मामाने नौपाड्याहून फोन केला, "अगं, पण ही वेर्लेकर कोण? मी लोकांना काय सांगू?" आईने मात्र एवढंच विचारलं, की तिकडे जेवताना लोक बोलतात का. मी म्हटलं, कान किटतात इतके बोलतात. "मग जा," आई म्हणाली.

पुढची दोन वर्षं गेली ती काम करण्यात. सगळं गोडगोड होतं असं नाही. मॅडम एकेक परिच्छेद अकरा वेळा लिहून घ्यायच्या, पेपर खरंच कमी होत होते, पंखे खरंच आवाज करत होते. पण रविवारी संध्याकाळी सोमवारची भीती वाटत नव्हती, आणि हे केवढं मोठं सुख आहे ते माझ्या वर्गातल्या इतरांशी बोलले की कळायचं. एका गोष्टीचं मात्र मला थोडं वाईट वाटायचं. परबकाका मला कधी काही विचारत नसत. जिन्यात भेटले की "काय गो, बरी आहेस?" एवढंच. ज्या माणसामुळे मी तिथे गेले, त्याला माझं कसं चाललंय याची काहीच उत्सुकता नसावी?

तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला ते घडलं. आमच्या लॅबमध्ये निर्वात पंपाला जोडलेली एक लांब दुहेरी नळी होती. दोन हात लांब, तिला आठ फाटे, प्रत्येक फाट्याला नळासारखी फिरवायची काचेची चावी. आम्ही तिला नुसतं 'लाइन' म्हणायचो. ती काकांनी मॅडमसाठी जवळजवळ महिनाभर खपून केली होती आणि लॅबमधल्या सगळ्यांचं काम तिच्यावर चालायचं. सगळे जेवायला गेलेले असताना मी ती धरून ठेवणारा एक क्लॅम्प जरा जास्तच आवळला. कट् असा बारीकसा आवाज आला. मागच्या बाजूला, भिंतीकडच्या वळणावर, केसाएवढी रेघ उमटली होती. समोरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

कुणी बघितलं नव्हतं. पंप बंद होता. आता मी जेवायला गेले असते, तर दुपारी ज्याने कुणी पंप लावला असता त्याच्या हातून ती फुटली असती आणि चिठ्ठी त्याच्या नावाची लागली असती. बहुतेक संदीपच्या. मी तिथे किती वेळ उभी राहिले ते मी नक्की सांगू शकणार नाही. पहिल्या क्षणी धावत जाऊन कबूल केलं, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. ठिपक्याची सगळी गोष्ट माहीत असून, मॅडमची भुवई रोज समोर असून, मी तिथे उभी होते आणि हेमांगीचा स्वेटर मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट समजला.

मग गेले. मॅडम डबा उघडून बसल्या होत्या. मी म्हटलं, "मॅडम, लाइन फुटली. माझ्या हातून." आणि मला रडूच कोसळलं.

"लागलं का कुठे?" त्या उठून माझे हात उलटे-सुलटे करून बघायला लागल्या. लागलं नाही म्हटल्यावर परत खाली बसल्या. "मग आधी पंपावर पाटी लाव, चिठ्ठी लिही आणि नंतर रड. आणि परबांकडे तूच घेऊन जायचंस."

दुसऱ्या दिवशी मी आणि संदीपने ती लाइन दोन चादरींत गुंडाळून रिक्षाने कोपरीला नेली. काकांनी चिठ्ठी वाचली. लाइनवरून हात फिरवला, तडा शोधला. मग मला म्हणाले, "मागच्या बाजूला आहे."

"हो."

"कुणी बघितलेलं तुला?"

"नाही."

"मग?"

"मग काय? जाऊन सांगितलं."

"लगेच?"

खोटं बोलायला हरकत नव्हती. पण समोर काका होते. "थोडा वेळ लागला," मी म्हटलं.

काका "बरं. ठेव तिकडे. ही पंपाची, जोड चालायचा नाही. ती नळीच नवी करतो" म्हणाले, जांभळा चष्मा खाली ओढला आणि ज्योत मोठी केली. शाब्बास नाही, काही नाही. मी जरा खट्टू होऊनच परत गेले.

गेल्या वर्षी गणपतीच्या थोडं आधी काका गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. त्रास काही झाला नाही, यातच काकूंनी समाधान मानलं. तिसऱ्या दिवशी वेर्लेकर मॅडम डोंबिवलीला आल्या. काकूंजवळ बसल्या. आई चहा घेऊन खाली आली होती. एवढ्या वर्षांत तिची आणि मॅडमची गाठ पडली नव्हती. काय बोलावं हे न सुचून तिने, सगळ्या आया विचारतात तेच विचारलं, "आमची मुक्ता तुमच्याकडे नीट आहे ना हो?"

मॅडमना एकदम हसू आलं आणि लगेच डोळेही भरले. "तुम्ही आज विचारताय. परब दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी फोन करून हेच विचारायचे. पोरगी कशी आहे?"

मला हे ठाऊक नव्हतं. काकूंनाही नव्हतं.

"मला वाटायचं, हिची काळजी करतायत," मॅडम सांगू लागल्या. "एकदा मी म्हटलं, परब, मी काही खात नाही तुमच्या पोरीला. तर म्हणाले, 'तुमची नाही हो बाई, पोरीची भीती वाटते. एकदा मी लपवलेल्या कामाने तुमच्या तोंडावर काच आली. आता माझ्या गाळ्यावरून आलेल्या माणसामुळे परत यायला नको.' दोन वर्षं फोन येत होता. मग हिने आमची लाइन फोडली. ज्या दिवशी ही आणि संदीप ती कोपरीला घेऊन गेले ना, त्या संध्याकाळी शेवटचा फोन आला. म्हणाले, 'कुणी बघितलेलं नव्हतं, तरी येऊन बोलली ना? थोडा वेळ घेतला म्हणते, पण बोलली. मग झालं बाई. मी सुटलो. आता मी फोन करणार नाही.'"

"आणि मग?" आईने विचारलं.

"मग नाही केला."

काकू इतका वेळ भिंतीला टेकून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "त्या दिवशी हे श्रीखंड घेऊन आलेले. मी म्हटलं, आज काय आहे? तर म्हणाले, काय नाय गो, सहज."

मला ते श्रीखंड आठवलं. एक वाटी वर आमच्याकडेही आली होती. मी ते खाल्लं होतं, आईच्या वाटणीचंही थोडं मागून घेतलं होतं, आणि कशाबद्दल म्हणून विचारलंसुद्धा नव्हतं.